मित्रांशी संपर्क ठेवायला सोशल मीडिया पुरतो का, की फोनच करावा लागतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. गिरगावच्या एकाच चाळीत वाढलेले तुम्ही पाच मित्र. आता तुम्ही डोंबिवलीला, एक विरारला, एक पुण्यात, एक टोरांटोला आणि एक अजून गिरगावातच. व्हॉट्सॲपवर पाच जणांचा ग्रुप आहे, इन्स्टावर सगळे एकमेकांना फॉलो करता, कोणाच्या मुलीला कुठल्या शाळेत ॲडमिशन मिळाली, कोणी कुठली गाडी बुक केली, सगळं माहीत. तरी मागच्या पावसाळ्यात वडिलांना रात्री ॲडमिट करावं लागलं तेव्हा हातात फोन असून ह्यांच्यातल्या एकालाही लावला नाहीत, कारण "इतके महिने बोलणं नाही, आता एकदम कसा लावायचा". आणि आता विचारताय की सोशल मीडिया सरळ बंद करून फोनवरच यावं का.

मी दादरला समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करतेय आणि मैत्री तुटल्याचं दुःख घेऊन येणारे लोक मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त भेटलेत, फक्त ते येताना झोप, चिडचिड, बायकोशी भांडण असं काहीतरी दुसरंच कारण घेऊन येतात आणि मग बोलता बोलता कळतं की ह्या माणसाला गेल्या कितीतरी दिवसात "तू कसा आहेस" असं विचारून उत्तर ऐकून घेणारं कोणी भेटलेलंच नाहीये. तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की काहीही बंद करू नका. सोशल मीडियाने बातमी कळते आणि ते काम तो चांगलं करतो. विचारपूस त्याच्याने होत नाही, ती तुम्हालाच करावी लागेल, आणि तुमच्या बाबतीत ती एका माणसापासून सुरू करायची आहे, चौघांपासून नाही.

अडचण कुठे होते ते सांगते. पूर्वी मित्र कोकणात जाऊन आला हे तो सांगेपर्यंत कळायचं नाही, त्यामुळे भेटल्यावर विचारायला काहीतरी असायचं, तो सांगायचा, तुम्ही मध्ये टोकायचात, त्यातून विषय निघून तिसरीकडेच जायचा आणि खरं बोलणं तिथे व्हायचं. आता त्याने गणपतीपुळ्याच्या बीचवरचा फोटो टाकला, तुम्ही हार्ट दिलं, झालं. तुम्हाला वाटतं भेट झाली, त्यालाही वाटतं ह्याने बघितलं, आणि विचारायचं निमित्त मात्र खर्च होऊन गेलेलं असतं.

मुलुंडहून एक गृहस्थ यायचे, वय साधारण तुमच्याएवढंच. त्यांनी एकदा शाळेतल्या जिगरी दोस्ताबरोबरचं चॅट उघडून माझ्यासमोर धरलं आणि वर वर सरकवत गेले. हॅपी बर्थडे भावा, केक. थँक्स भावा, जोडलेले हात. हॅपी दिवाळी, पणतीचं फॉरवर्ड, सेम टू यू. मध्ये एक कुठल्यातरी म्युच्युअल फंडाची लिंक, तिला अंगठा. परत हॅपी बर्थडे भावा, परत केक. ह्याच काळात त्या मित्राचा घटस्फोट होऊन गेला होता आणि तो ह्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळला. चॅट कधी बंद पडलं नव्हतं, म्हणून बोलणं बंद पडलंय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. माझ्या मते सोशल मीडियाचं खरं नुकसान हे आहे, बाकी वेळ वाया जातो वगैरे तक्रारी मला त्यापुढे छोट्या वाटतात.

आता ह्यावर अभ्यास झालेत का तर झालेत. मोइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट ह्या दोघांनी २०१६ मध्ये फेसबुक वापरणाऱ्यांवरचा अभ्यास छापला, त्यात असं दिसलं की जवळच्या माणसाने खास तुमच्यासाठी चार ओळी लिहिल्या तर त्याचा मनाला बरं वाटण्याशी संबंध दिसतो, पण नुसता लाइक किंवा सगळ्यांना उद्देशून टाकलेली पोस्ट ह्याचा तसा संबंध दिसत नाही. म्हणजे स्क्रीनवरून काहीच पोचत नाही असं अजिबात नाही, एका क्लिकमध्ये जे होतं ते पोचत नाही. म्हणून ग्रुपवर "कसे आहात सगळे" टाकलंत की काय होतं बघा, दोन अंगठे येतात आणि शांतता, कारण तो प्रश्न कोणालाच विचारलेला नसतो. तोच प्रश्न विरारच्या मित्राला एकट्याला पाठवा, "तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं ना, दिसायला लागलं का नीट", मग बघा तो किती लिहितो.

आणि आवाजाचं म्हणाल तर आवाज वेगळाच प्रकार आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली ह्यांनी २०२१ मध्ये एक प्रयोग छापला, त्यात लोकांना जुन्या मित्राशी परत संपर्क साधायला लावलं, काहींना ईमेलवरून आणि काहींना फोनवरून. फोन म्हटल्यावर जास्त अवघडल्यासारखं होईल असं लोकांना आधी वाटत होतं. प्रत्यक्षात फोन करणाऱ्यांना जास्त जवळीक वाटली आणि अवघडलेपण काही जास्त नव्हतं. म्हणजे तुमचा जो संकोच आहे ना, तो जगभर सगळ्यांना असतो आणि तो फोन लावायच्या आधीचा असतो, लागल्यानंतर दोन मिनिटात जातो. त्याच अभ्यासात हेही दिसलं की जवळीक वाटण्यात मुख्य काम आवाजाचं असतं, चेहरा दिसल्याने त्यात फारशी भर पडत नाही. त्यामुळे व्हिडिओ कॉलचं दडपण घेऊ नका, केस विंचरून, मागचा पसारा आवरून कोण बसणार, साधा फोन करा.

अजून एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी लहान मुलींना अनोळखी माणसांसमोर भाषण आणि गणितं करायला लावली, म्हणजे ताण येणारच, आणि मग काही मुली आईला भेटल्या, काही आईशी फोनवर बोलल्या, काहींनी मेसेजवर बोलणं केलं. २०१० आणि २०१२ मध्ये ह्याचे निकाल छापले. फोनवर आईचा आवाज ऐकलेल्या मुलींचं शरीर भेटलेल्या मुलींसारखंच शांत व्हायला लागलं, ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल उतरलं, ऑक्सिटोसिन वाढलं. मेसेजवाल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. शब्द साधारण तेच, "काही होत नाही गं, छान केलंस", पण लिहून आले तर शरीराने ते घेतलेच नाहीत. हा अभ्यास आई आणि मुलींचा आहे, मित्रांचा नाही, तेवढं ध्यानात ठेवूनच सांगतेय. तरी तुमची ती हॉस्पिटलमधली रात्र आठवून बघा. ग्रुपवर टाकलं असतंत तर "टेक केअर", "गेट वेल सून काका" हे सगळं आलं असतं आणि सगळ्यांनी मनापासूनच लिहिलं असतं, पण त्या क्षणी तुम्हाला कोणाच्या तरी तोंडून "मी निघतो, तू थांब तिथेच" हे ऐकायचं होतं.

मग एवढं असून आपण फोन का करत नाही? मुंबईपुरतं बोलायचं तर मला वाटतं फोनचा अर्थच बदलून गेला. चाळीत एकाच्या घरी फोन, आणि "अहो तुमचा फोन आलाय" म्हणून गॅलरीतून हाक, ते तुम्ही लहानपणी बघितलं असेल. मग एक रुपया टाकून बोलायचे ते डबे आले. १९९५ मध्ये देशात मोबाईल आला तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, तोपर्यंत आणि नंतरही कितीतरी वर्षं आपण मिस कॉलवर निभावलं, एक रिंग म्हणजे खाली ये, दोन म्हणजे निघालो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि बोलणं जवळपास फुकट झालं. आणि नेमकं फुकट झाल्यावर आपण बोलणं सोडलं. आता फोन वाजला की पहिला विचार काय येतो? कोणीतरी गेलं. नाहीतर पर्सनल लोन. नाहीतर ओटीपी मागणारा फ्रॉड. जुन्या मित्राचं नाव स्क्रीनवर दिसलं तरी छातीत धस्स होतं आणि माणूस उचलून पहिलं विचारतो, "काय रे, सगळं ठीक ना?"

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की फोन करायच्या आधी एक ओळ टाका, "काम काही नाही, सहज करतोय, दहा मिनिटं आहेस का?" ह्यात तीन गोष्टी होतात, त्याची धास्ती जाते, पैसे मागणार नाहीये हे कळतं, आणि किती वेळ जाणार तेही कळतं. दहा मिनिटं म्हणजे दहाच. लांबलं तर त्याने लांबवू दे. "एकदा निवांत बोलू रे" हे वाक्य मात्र कृपा करून वापरू नका, मुंबईत निवांत कोणालाच मिळत नाही आणि त्या वाक्यावर मी कितीतरी मैत्र्या संपलेल्या बघितल्यात.

वेळ कुठून काढायचा हा प्रश्न खरा आहे. डोंबिवलीहून जाणाऱ्या माणसाला लोकलमध्ये फोनवर बोला सांगणं म्हणजे त्याची चेष्टा करणं आहे, सकाळच्या फास्टमध्ये खिशातून फोन काढायला हात हलत नाही. संध्याकाळी उतरल्यावर रिक्षाच्या लाइनीत उभं राहायचा किंवा घरापर्यंत चालायचा जो वेळ आहे ना, तो मला सगळ्यात चांगला वाटतो, कारण तो तसाही कोणाच्या मालकीचा नसतो आणि घरी पोचलं की फोन आपोआप संपतो, "चल घर आलं" म्हणता येतं, कोणाला वाईट वाटत नाही. घरी बोलायचं तर कोथिंबीर निवडत, भांडी लावत बोललात तरी चालतं, हात गुंतलेले असले की माणूस उलट मोकळा बोलतो. पण बोलता बोलता रील सरकवू नका. माणसं बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात, दहा भाषांवर केलेल्या एका अभ्यासात २००९ मध्ये हे मोजलंय, म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ. तुमचं "हं" जरा उशिरा आलं की समोरच्याला कळतं हा इथे नाहीये, त्याला सांगता येणार नाही काय झालं पण तो आवरतं घेतो. नेट कच्चं असताना व्हॉट्सॲप कॉलवर बोलणं रंगत नाही त्याचंही हेच कारण, दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात. तसं झालं तर ठेवून साधा कॉल लावा.

आणि बोलायचं काय? इथे तुमचं इन्स्टा कामाला येईल. पुण्याच्या मित्राने राजमाचीचा फोटो टाकला, तर हार्ट देऊ नका. थांबा. संध्याकाळी फोन करा आणि विचारा, "चढलास कसा रे, गुडघ्याचं काय झालं मग?" स्टेटसमधून प्रश्न उचलायचा आणि उत्तर फोनवर घ्यायचं. असं केलंत तर सोशल मीडिया फोनच्या आड येत नाही, उलट रोज एक नवं निमित्त देतो. मी ज्यांना हे करायला लावलंय त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर सांगितलं की फोटोत न दिसलेलं काहीतरी पहिल्याच फोनमध्ये कळलं, ट्रेकचा फोटो टाकणारा माणूस नोकरी गेल्यामुळे ट्रेकला गेला होता असंही निघालंय.

सगळ्यांशी असं करायची गरज नाही आणि जमणारही नाही. रॉबिन डनबार ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं म्हणणं असं की माणसाला साधारण १५० जणांशी खरी ओळख ठेवता येते आणि त्यात आत आत वर्तुळं असतात, ५० जण, त्यात १५ जण, आणि अगदी आत साधारण ५. आकडे घट्ट धरू नका, त्यावर वाद आहेत, पण माझ्या अनुभवाला हे पटतं. आतल्या पाच आणि पंधरांना तुमचा आवाज लागतो. बाहेरच्या लोकांना, जुन्या ऑफिसमधले, कॉलेजमधले, लग्नात भेटणारे, त्यांना लाइक आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा पुरतात आणि त्यात काहीही खोटं नाही, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. फेसबुक नसतं तर ह्यातली निम्मी माणसं हरवलीच असती.

आता फोन हाच उपाय सगळीकडे लागू पडतो असं मी म्हणणार नाही आणि ह्या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे कारण "फोन करा, भेटा, पूर्वीसारखं वागा" असं सांगणारे एक गोष्ट विसरतात. मुंबईत वन रूम किचनमध्ये सहा माणसं राहतात. तिथल्या सुनेला मैत्रिणीशी फोनवर मोकळं बोलता येतं का? सासरे समोर टीव्ही बघतायत, नवरा जेवतोय, पोरं अभ्यासाला बसलीत, ती काय बोलणार, "हो, बरं आहे, जेवण झालं का". तिचं खरं बोलणं रात्री अंधारात ब्राइटनेस कमी करून टाइप केलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना त्या मेसेजेसनी सावरलंय आणि त्यांना कोणी सांगितलं की मेसेज म्हणजे खोटी मैत्री तर मला राग येतो. तेच ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांचं, नाइट शिफ्टवाल्यांचं, आणि नुकतंच कोणी गेलंय त्या घरातल्या माणसाचं, त्याला बोलवत नसतं पण "उत्तर देऊ नकोस, आठवण आली म्हणून लिहिलं" हा मेसेज तो दहा वेळा वाचतो.

आणि काही मित्र फोनवरचे नसतातच. डनबार आणि सॅम रॉबर्ट्स ह्यांनी शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचा १८ महिने मागोवा घेतला होता, त्यात मुलींच्या मैत्र्या बोलण्याने टिकल्या आणि मुलांच्या एकत्र काहीतरी केल्याने. सगळ्या पुरुषांना लागू होईल असं नाही, पण तुमच्या गँगला मला वाटतं लागू होईल. विरारवाला मित्र फोनवर "हां बोल", "चालू आहे", "बाकी?" ह्याच्या पुढे जात नाही असं तुम्ही लिहिलंय, तर त्याला फोनवर कोपऱ्यात घेऊ नका. त्याला भेटा. वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइन दादरला मिळतात, दोघांनाही एकच गाडी, मेगाब्लॉक नसलेला रविवार बघा. किंवा त्याहून चांगलं म्हणजे काहीतरी काम काढा. तुमच्या चाळीचा गणपती अजून बसतो, गिरगावात तर मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झाला तेव्हापासूनची परंपरा आहे, तर दर्शनाला दोघं वेगवेगळे जाऊन फोटो ग्रुपवर टाकण्याऐवजी आदल्या रात्री डेकोरेशनला जा. थर्माकोल नाही, कागद कापत बसा. पुरुष माणसं कातरी हातात असताना जे बोलतात ते समोरासमोर चहा ठेवून बोलत नाहीत, हे मी फार वेळा बघितलंय.

टोरांटोच्या मित्रासाठी व्हॉइस नोट. आवाज पोचतो आणि वेळ जुळवावी लागत नाही. दोन मिनिटांच्या आत ठेवा, आठ मिनिटांची नोट माणूस दीडपट स्पीडवर ऐकतो. कधीतरी मात्र लाइव्ह बोला, तुमचे सकाळचे आठ म्हणजे तिकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ, त्यामुळे शनिवारी सकाळी तुम्ही जमवलंत तर त्याचा शुक्रवार रात्र असतो, त्यालाही घाई नसते.

"नेहमी मीच का करायचा फोन" हे तुमच्या मनात येणार आहे, सगळ्यांच्याच येतं. प्रत्येक गटात एकजण असतो जो हे ओढतो आणि बाकीचे त्याच्यामुळे टिकतात, तुम्ही विचारताय म्हणजे बहुतेक तो तुम्ही आहात. २०२२ मध्ये पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपण सहज कोणाला आठवण काढून संपर्क केला तर समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा जास्त बरं वाटतं, आणि तो जितका अनपेक्षित तितकं जास्त. त्यामुळे सुरुवातीला हिशोब ठेवू नका. पण वर्षभर तुम्हीच करताय, तो उचलतो, स्वतःचं सांगतो आणि तुमचं एकदाही विचारत नाही, असं असेल तर त्याला बाहेरच्या वर्तुळात जाऊ द्या, भांडण न करता, ग्रुप न सोडता.

पहिला फोन माझ्या मते गिरगावातल्या मित्राला करा, कारण तुम्हीच लिहिलंय की तुमचे वडील त्याला ओळखतात. आणि "काय चाललंय" ने सुरू न करता वडिलांच्या त्या रात्रीबद्दल सांगा, की घाबरलो होतो आणि तुझी आठवण आली होती पण फोन केला नाही. तो रागावेल, "साल्या मला सांगितलं नाहीस" म्हणेल. रागावू द्या, ते चांगलंच आहे. तुमच्या लिहिण्यात झोप लागत नाही असं दोनदा आलंय, ते मात्र मित्रांवर सोपवू नका. १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आधी तिथे बोलून बघा, आणि दोन आठवड्यांनंतरही झोपेचं तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.